चुंबळ

दिवाळी होऊन पंधराएक दिवस झाले होते, ऑफिसात दोन दिवसांची सुट्टी टाकली आणि एकटीच माथेरानला गेले. २०२५ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. डोंबिवलीवरून सकाळची कर्जत लोकल, नेरळला मिनी ट्रेनची तिकिटं संपलेली, मग शेअर टॅक्सी, वळणावळणावर पोटात ढवळणं, आणि साडेनऊला दस्तुरी नाका, गाड्या इथपर्यंतच येतात. टॅक्सीचं दार पूर्ण उघडायच्या आत दोन घोडेवाले आणि तीन बायका पुढे आल्या. त्यातली एक पन्नाशीची असेल, कदाचित बरीच कमीही असेल, उन्हातान्हात काम करणाऱ्या माणसाचं वय मला कधीच नीट ओळखता येत नाही. आखूड नेसलेलं पातळ, पायात रबरी चप्पल, हातात डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची, जुन्या कापडाची पिळून केलेली चुंबळ. "द्या ताई बॅग, कुठल्या हाटेलला?" म्हणाली. मी म्हटलं, नको मावशी, माझी मी नेईन. तिला वाटलं मी भाव करतेय, तिने लगेच पन्नास रुपये कमी केले. मी परत नको म्हटलं आणि वर म्हणाले, "तुमच्या डोक्यावर ओझं द्यायला मला बरं नाही वाटत." मनापासून म्हणाले होते. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली, रागाने नाही, काहीतरी हिशोब जुळत नसावा तसं. मग म्हणाली, "तुम्हाला बरं नाय वाटत. मग आम्ही काय करायचं?" आणि उत्तराची वाट न बघता मागून आलेल्या दुसऱ्या टॅक्सीकडे गेली.

बॅग जड होती. लॅपटॉप, दोन पुस्तकं, शाल, स्वेटर, आईने बळेबळे दिलेला चिवड्याचा डबा. नगरपालिकेच्या खिडकीवर पावती फाडली आणि रुळांच्या कडेकडेने चालायला लागले. जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून मिनी ट्रेनची शटल मिळाली असती, पण रांग बघून कंटाळा आला आणि खरं सांगायचं तर मला चालायचंच होतं, बॅग स्वतः उचलून चालायचं होतं, आपण कुणाच्या डोक्यावर काही ठेवलं नाही हे मला माझं मलाच दाखवायचं होतं. पहिली दहा मिनिटं छान गेली. मग पट्टा खांद्यात रुतायला लागला. उजवा खांदा, डावा खांदा, परत उजवा. आणि प्रत्येक वेळी खांदा बदलताना तेच वाक्य, मग आम्ही काय करायचं, मग आम्ही काय करायचं, चालण्याच्या तालावर बसलेलं.

माथेरानात शिरल्यावर आधी कान बदलतात. इंजिनाचा आवाज नाही, हॉर्न नाही. अर्ध्या तासापूर्वीपर्यंत जो आवाज इतका सतत होता की ऐकूसुद्धा येत नव्हता, तो थांबल्यावर कळतं की होता. मग टापा ऐकू येतात, लाल धुळीत पडल्या की मऊ, दगडावर पडल्या की टणक. कुठेतरी वर फांद्यांमध्ये शेकरू ओरडतं, दिसत नाही पण त्याचं ते खटखटखट ऐकू येतं. अंजनी, जांभूळ, हिरडा, सगळी झाडं एकमेकांत डोकी घालून उभी, त्यामुळे दुपारीसुद्धा रस्त्यावर ऊन तुकड्यातुकड्यानेच पडतं. आणि वास. घोड्याच्या लिदीचा, ओल्या पाचोळ्याचा, कुठूनतरी चिक्कीच्या पाकाचा. मुंबईतून शंभर किलोमीटरच्या आत एवढं मिळतं, म्हणून तर आपण सगळे तिथे जातो, मीही तीस-पस्तीस वर्षं जातेय.

पण त्या दिवशी मला झाडांऐवजी माणसांच्या डोक्यांवर काय आहे तेच दिसत होतं. एक बाई, डोक्यावर एकावर एक दोन सुटकेसेस आणि हातात कुणाच्या तरी बाळाची घडी केलेली बाबागाडी. एक माणूस पाठीवर गॅस सिलिंडर घेऊन, वाकून, नजर जमिनीवर. एका हातगाडीवर फरशा, मागून दोघं ढकलतायत. घोड्यावर दोन्ही बाजूंना लटकवलेली सिमेंटची पोती. अंड्यांचे ट्रे, दुधाचे क्रेट, पाण्याच्या बाटल्यांची खोकी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक नवीकोरी गादी. मी इतक्या वेळा या रस्त्याने गेलेय, हे सगळं तेव्हाही असणारच, पण मी ते सुट्टीच्या नजरेने बघितलं होतं, म्हणजे बघितलंच नव्हतं. गाडी वर येत नाही म्हणजे काय, तर वरती जे काही आहे ते कुणीतरी चालत आणलेलं आहे. बेसिन, आरसा, पंखा, जेवणाच्या टेबलावरची मिठाची बाटलीसुद्धा.

मी उतरते ते हॉटेल मोठं नाही, जुना पारशी बंगला आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, आधीच खोल्या मिळत नाहीत. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, छत इतकं उंच की पंख्याचा दांडा माणसापेक्षा लांब. तिन्ही बाजूंनी व्हरांडा आणि व्हरांड्याला माकडांसाठी लावलेली लोखंडी जाळी, त्यामुळे आपण आत पिंजऱ्यात आणि माकडं बाहेर मोकळी. लांब हातांच्या आरामखुर्च्या, त्यांची वेताची वीण मधेमधे उसवलेली. फुल बोर्ड पद्धत अजून चालू, म्हणजे सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, चारचा चहा, रात्रीचं जेवण, सगळं वेळेवर आणि सगळ्यांना एकच. पितळी घंटा वाजते, मग जायचं. मेनू विचारायचा नाही. एका दिवशी धनसाक, एका दिवशी साधी डाळ आणि बटाट्याची भाजी, रात्री मात्र न चुकता कॅरमल कस्टर्ड, ज्याचा वरचा थर जरासा करपवलेला असतो आणि मला तो तसाच आवडतो. सकाळी सहाला मागच्या अंगणात बंब पेटतो, लाकडाच्या धुराचा वास खिडकीतून आत येतो आणि पांघरुणात पडल्यापडल्या समजतं की गरम पाणी झालंय.

हा बंबाचा धूर म्हणजे माझ्यासाठी माथेरान. आणि त्या सकाळी त्याच धुराचा वास घेताना पहिल्यांदा मनात आलं, लाकडं कुणी आणली असतील.

पहिल्यांदा गेलो ते १९९१ च्या मे महिन्यात, बाबांच्या एलटीसीवर, म्हणजे नोकरीतल्या प्रवास सवलतीवर. मी नऊ वर्षांची. या बंगल्यात नाही, बाजारामागच्या एका लॉजमध्ये उतरलो होतो, एका खोलीत सहा जण, आम्ही चौघं आणि आत्या-काका. तेव्हा ट्रेन मिळाली होती. इंजिन पुढे हळूहळू जात होतं, एवढं हळू की माझा भाऊ जुम्मापट्टीच्या पुढे उतरून गाडीबरोबर पळायला लागला आणि आईचा जीव घाबराघुबरा झाला. बाबा खिडकीतून रूळ दाखवत होते. बघ, दोनच फुटांची रुंदी, १९०७ पासून चालू आहे, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःचे सोळा लाख घालून बांधली, त्या काळचे सोळा लाख. बाबा गोदरेजच्या कपाटातल्या फायलींसारखी माहिती साठवायचे आणि अशा वेळी एकेक काढून द्यायचे. बोगदा आला तेव्हा मात्र बाबा एकदम गप्प झाले आणि आत्या-काका हसले. वन किस टनेल या नावाचा अर्थ मला कळायला पुढे सातआठ वर्षं जायची होती.

त्या ट्रिपमधला हमाल मला आठवतो. आमचा होल्डॉल, दोन ट्रंका आणि स्टोव्हची पिशवी, हो, आम्ही स्टोव्ह नेला होता, बाहेरचं खाणं परवडणार नाही म्हणून. एक उंच, काळासावळा, अतिशय शांत माणूस होता. सगळं त्याने एकट्याने घेतलं. बाबा त्याच्याशी वाटभर बोलत होते, गाव कुठलं, मुलं किती, पावसाळ्यात काय करता. त्याने सांगितलं, पावसाळ्यात खाली भात लावतो. लॉजवर पोचल्यावर बाबांनी त्याला पैसे दिले आणि आईने स्टोव्ह पेटवून पहिला चहा केला तो त्याला दिला, आमच्याच कपात. आई-बाबांना ओशाळल्यासारखं वाटलं का? मला नाही वाटत. बाबा स्वतः गिरगावात असताना पोस्टात लागायच्या आधी दोन वर्षं पेपरचे गठ्ठे उचलायचे. काम म्हणजे काम, त्याचे पैसे पूर्ण द्यायचे, बरोबर चहा द्यायचा, नाव विचारायचं. एवढं त्यांचं सरळ होतं. माझं तसं सरळ राहिलेलं नाही. मी एसीत बसून काम करणाऱ्यांतली झाले, आणि त्याबरोबर ही लाज कुठूनतरी येऊन बसली, जिचा त्या बाईला काडीचाही उपयोग नव्हता.

आईची गोष्ट मात्र वेगळी आहे.

२०१२ मध्ये आईला घेऊन गेले होते. बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं, आई घरात कोमेजत चालली होती, म्हटलं चार दिवस हवा बदल होईल. तिचे गुडघे तेव्हाच गेलेले. शटलला गर्दी होती, घोड्यावर बसायची तिला भीती, म्हणून हातरिक्षा केली. एक म्हातारा माणूस पुढे दांडा धरून, दोन मागून ढकलायला. मी बाजूने चालत होते. सपाटीवर ठीक होतं, आई इकडेतिकडे बघत होती, ही बघ करवंदाची जाळी, आपण इथे थांबलो होतो ना तेव्हा. मग चढ लागला. पुढचा माणूस पार वाकला, त्याच्या मानेवरच्या शिरा टरारून फुगल्या, आणि त्याचा श्वास ऐकू यायला लागला. आईचा चेहरा बदलला. "थांबा," म्हणाली. त्यांना वाटलं काही पडलं. ती उतरली. म्हणाली, "एवढा चढ मी चालते, वर गेल्यावर बसते." तो म्हातारा म्हणाला, "आजी, बसा ना, रोजचं आहे." आई म्हणाली, "तुमचं रोजचं आहे, माझं नाही." आणि काठी टेकत, माझा हात धरून, दोन पावलं टाकून एकदा थांबत ती तो चढ चढली. रिक्षा रिकामी, तिच्या मागे हळूहळू येत होती, आणि तिघेही गप्प. पैसे तिने ठरले त्यापेक्षा जास्तच दिले. पण त्यानंतर माथेरानला येतेस का विचारलं की नको म्हणते. गुडघ्यांचं कारण सांगते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये, ६ तारखेला, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा मी तो आईला वाचून दाखवला. माणसाने माणसाला ओढायची प्रथा अमानुष आहे, सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा, गुजरातमधल्या केवडियासारखी ई-रिक्षांची योजना आणा, त्या पहिल्यांदा हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्या. ऐकून आई म्हणाली, "फार उशीर केला." मला आनंद झाला होता, आणि तो खोटा नव्हता, आजही आहे. ती मानेवरची शीर मी विसरलेले नाही. स्वातंत्र्याला पंचाहत्तरच्या वर वर्षं झाली आणि मुंबईच्या उशाशी माणूस माणसाला ओढत होता, यात दुसरी बाजू वगैरे काही नाही. हातरिक्षावाल्यांनी स्वतःच किती वर्षं ई-रिक्षा मागितली होती. २०२२ च्या डिसेंबरात चाचणीच्या सात रिक्षा आल्या, त्यालासुद्धा किती खळखळ. २००३ पासून माथेरान इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, गाडीबंदी त्याहून जुनी, आणि ती हवीच. पण त्या बंदीची किंमत ज्यांच्या छातीने भरली ते त्या बंदीचे सगळ्यात मोठे रखवालदार आहेत असं मला वाटतं, आणि त्यांच्याविषयी आपण बोलतो किती.

घोडेवाल्यांचं म्हणणं वेगळं. चारशेच्या वर घोडे आहेत, प्रत्येक घोड्यामागे एक घर. ई-रिक्षा वाढल्या की त्यांचं काय. मी पूर्वी याला नुसता विरोधाला विरोध म्हणायचे. रस्त्यावर पेव्हर ब्लॉक घालायच्या भांडणातही तेच, धुळीचा आणि पावसात वाहून जाणाऱ्या मातीचा त्रास खरा, घोडे घसरतात हेही खरं. आता दस्तुरीपासून बाजारातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक आणि आतल्या पायवाटांना हात लावायचा नाही, असं कोर्टाने सांगून टाकलंय. चालताना मला मात्र लाल मातीच बरी वाटते. पण मी वर्षातून दोन दिवस चालते.

दुपारी जेवण झाल्यावर व्हरांड्यात बसले होते. बंगल्याचं सगळं बघणारे काका, वीसेक वर्षं त्यांना बघतेय, चहा घेऊन आले. त्यांना सकाळची गोष्ट सांगितली. ते काहीच बोलले नाहीत, कपबशी ठेवली, जाळीवर बसलेल्या माकडाला हाकललं. मग म्हणाले, "त्या बाया खालून येतात. वाड्यांवरून. सकाळी घरचं आटपून डोंगर चढून येतात, तेव्हा डोक्यावर काय नसतं त्यांच्या. पण तो चढ कोण मोजतो? बॅग मिळाली तर दिवस मिळाला. नाय मिळाली तर फुकट चढली आणि फुकट उतरली." एवढंच बोलून आत गेले. माझ्या हातात चहा तसाच. आपण एखाद्याचं ओझं हलकं करतोय असं वाटत असताना त्याचा सगळा दिवस फुकट गेलेला असू शकतो, हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून सनसेट पॉइंटला गेले. सकाळी तिथे कुणी नसतं म्हणूनच मला आवडतं. समोर प्रबळगड, धुक्यातून नुसता माथा वर काढलेला. थंडी चांगली होती, शालीतून बोटं बाहेर काढवत नव्हती. दरीतून आवाज आले, आधी बोलण्याचे, मग हसण्याचे. थोड्या वेळाने धोदाणीकडून येणाऱ्या पायवाटेने चार बायका वर आल्या. डोक्यावर पाट्या. मेथी, मुळा, वालाच्या शेंगा, एकीच्या पाटीत पालेभाजीवर ओलं फडकं टाकलेलं. खाली पनवेलच्या बाजूचं ते गाव आहे, वाट अशी की उतरतानासुद्धा माझे गुडघे थरथरतात. त्या कठड्याजवळ टेकल्या, पाट्या उतरवल्या, चुंबळी काढून त्यांनीच तोंडं पुसली. एकीने मला विचारलं, "एकट्याच आलाव?" मी हो म्हटलं. "मुंबईच्या?" डोंबिवली म्हटलं. "ती मुंबईच," ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मी मेथीची जुडी मागितली, तर म्हणाली हाटेलात मेथी घेऊन काय करणार, चुलीवर टाकणार? नको घेऊ. पण मला घ्यायचीच होती. दोन जुड्या घेतल्या. संध्याकाळी काकांनी कोरडी भाजी करून दिली, लसूण घालून, फुल बोर्डाच्या मेनूत नसलेली.

निकालात असंही आहे की हातरिक्षावाल्यांना दिल्यावर उरलेल्या ई-रिक्षा इथल्या आदिवासी बायकांना आणि आसपासच्या लोकांना द्याव्यात. मी ते त्या बायकांना सांगितलं. मला वाटलं त्यांना माहीत असेल. एकीला माहीत होतं, तिच्या पुतण्याने मोबाईलवर दाखवलं होतं. दुसरी, सगळ्यात वयस्कर, म्हणाली, "मला सायकल पण नाय येत. माझ्या सुनेला देतील तर दे म्हणावं, ती चालवील." मग पाटी उचलताना, दुसरीने हात लावला तेव्हा, ती परत म्हणाली, या वेळी माझ्याकडे बघून नाही, "ती चालवील, डोक्याची आहे." आणि त्या बाजाराकडे निघून गेल्या. त्यांची पावलं इतकी झपाझप पडत होती की वळणापर्यंत जायला त्यांना मिनिटही लागलं नसेल.

त्या सुनेबद्दल मला फार विचार करावासा वाटतो. बाजारातून ई-रिक्षा घेऊन जाताना ती मला दिसते, कधी दिसेल माहीत नाही, पण दिसते.

रात्री जेवणानंतर पश्चिमेकडच्या एका पॉइंटपर्यंत टॉर्च घेऊन गेले, काका बरोबर होते, एकटीला जाऊ देईनात. खाली सगळे दिवे. पनवेल, नवी मुंबई, आणि त्यापलीकडे आकाशालाच आलेला तांबूस उजेड, तो मुंबईचा. लहानपणी एवढे नव्हते. काका म्हणाले, भाई कोतवालांनी हे सगळं बंद पाडलं होतं. हुतात्मा भाई कोतवाल इथलेच, माथेरानात जन्मले, नाभिकाच्या घरात. वकील झाले, इथल्या नगरपालिकेत बसले, खालच्या शेतकऱ्यांना सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून धान्याची कोठारं उभी केली, आणि १९४२ ला आझाद दस्ता ही आपली क्रांतिकारकांची तुकडी घेऊन मुंबईला वीज नेणारे मनोरे, पायलॉन, पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर गोळी लागली, तेव्हा वय पुरतं एकतीससुद्धा नव्हतं. शाळेत हे शिकले होते. पण त्या कड्यावर उभं राहून खालचे दिवे बघताना ते वेगळंच वाटलं. इथे सुट्टीला येणाऱ्या साहेबांच्या आणि शेठ लोकांच्या माथेरानात वाढलेला एक मुलगा, त्याने रोज संध्याकाळी हेच दिवे बघितले असतील. माथेरान शोधलं म्हणून १८५० मध्ये आलेल्या ठाण्याच्या कलेक्टर मॅलेट साहेबाचं नाव सगळीकडे लिहिलेलं असतं. तो चौक गावाकडून वर आला तेव्हा इथे धनगर, ठाकर, कातकरी होतेच की. त्याच्याबरोबर कुणी वाट दाखवत, काही उचलून चालला असेल का, मला सारखं वाटत राहिलं. तशी माणसं नावानिशी कुठे लिहिली जात नाहीत. मीसुद्धा त्या मावशीचं नाव विचारलं नव्हतं. बाबांनी विचारलं असतं.

निघायच्या दिवशी सकाळी बॅग भरली. चिवड्याचा डबा रिकामा झाला होता, त्याच्या जागी दोन किलो चिक्की आणि आईसाठी घेतलेल्या चपला, म्हणजे वजन तेवढंच. काकांना म्हटलं, दस्तुरीपर्यंत कुणी बाई मिळेल का. त्यांनी काही न बोलता फोन लावला. आली ती पहिली मावशी नव्हती. ही तरुण होती, तिशीची असेल, कानात मोत्याच्या कुड्या. मी आधी नाव विचारलं. तिने सांगितलं, मग हसून म्हणाली, "नाव कशाला पायजे, बॅग खाली ठेवेन नीट." मी ठरला दर विचारला आणि तेवढेच कबूल केले, कमी नाही, आणि दया म्हणून जास्तही नाही. तिने पदराच्या आतून चुंबळ काढली, डोक्यावर बसवली, मला म्हणाली, जरा हात लावा. मी बॅगेचा एक कोपरा धरला. दोघींनी मिळून ती वर चढवली आणि त्या क्षणी मला तिच्या मानेतून गेलेला हलकासा झोका दिसला, वजन बसताना जातो तसा, आणि मग मान एकदम स्थिर.

मी मागून चालले. हात मोकळे होते आणि त्यांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. बरं वाटत होतं असं मी म्हणणार नाही. चढ आला की मला आईसारखं "थांबा" म्हणावंसं वाटायचं, पण बॅगेला उतरून चालता येत नाही. मी विचारलं, दिवसाला किती फेऱ्या होतात. शनिवार-रविवारी तीन, चारपण, इतर दिवशी एखादी, कधी तीही नाही. पावसाळ्यात? भात. माझ्या अंगावर काटा आला, चौतीस वर्षांपूर्वीचं तेच उत्तर. मुलगी आठवीत आहे म्हणाली, गणित चांगलं आहे तिचं. ई-रिक्षा आल्या तर या बॅगा त्यातूनच जातील, मग? ती म्हणाली, "मग बघू. फॉर्म भरलाय माझ्या नवऱ्याने. मीच म्हटलं, माझ्या नावाने भर." हे म्हणताना तिचा आवाज जरा वर चढला, आणि मला त्या सुनेची आठवण झाली, आणि एवढं बरं वाटलं की मी पुढची पाच मिनिटं काहीच बोलले नाही.

दस्तुरीला पोचलो तेव्हा ती धापा टाकत नव्हती, मी टाकत होते. तिने गुडघ्यात वाकून बॅग खाली ठेवली, खरंच नीट, आडवी, चेन वर येईल अशी. मी पैसे दिले. चिक्कीचा एक पुडा दिला, मुलीसाठी म्हटलं, तो तिने घेतला. माझी नजर त्या पहिल्या मावशीला शोधत होती, टॅक्स्यांच्या रांगेत, घोड्यांच्या पलीकडे, झाडाखाली बसलेल्या बायकांत. दिसली नाही. चढून आली असेल आणि बॅग मिळाली असेल, वर गेली असेल, असं मी धरून चालले.

तेवढ्यात नेरळकडून एकामागोमाग तीन टॅक्स्या आल्या. माझी बॅग आणणारीने चुंबळ सोडली, मग मी बघितलं की ते जुन्या पातळाचं कापड होतं, जांभळ्या रंगाचं, काठाला थोडी जर अजून शिल्लक. तिने ते झटकलं, मान पुसली, कपाळ पुसलं, दोन्ही हातांनी परत पीळ देऊन गोल केलं, आणि डोक्यावर ठेवून पहिल्या टॅक्सीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.